समुद्रतळाचा अभ्यासक : डॉ. आल्फ्रेड अल्कॉक

आपल्या पाटोदा तालुक्याच्या डोंगरात उगम पावणारी मांजरा पुढे गोदावरीला मिळते आणि गोदावरी बंगालच्या उपसागराला. त्याच उपसागरात जहाजावर राहून जलचरांचा शोध घेणारे डॉ. आल्फ्रेड विल्यम अल्कॉक यांचे चरित्र आम्ही या स्मरणिकेसाठी निवडले आहे. तुटलेले शिक्षण पुन्हा जोडणाऱ्या विद्यार्थ्याची ती कथा आहे.

अल्कॉक यांचा जन्म १८५९ साली मुंबईत झाला. वडील जहाजाचे कप्तान होते. शिक्षण इंग्लंडमध्ये चालू असताना १८७६ साली वडिलांना मोठे नुकसान सोसावे लागले आणि सतरा वर्षांच्या मुलाची शाळा सुटली. तो वायनाडच्या कॉफीमळ्यांत आला. पुढे कलकत्त्यात नोकरी करून १८७८ ते १८८० या काळात त्याने पुरुलिया येथे आसामच्या चहामळ्यांसाठी मजूर भरती केली. ऊसतोडीच्या मुलखातील आम्हां शिक्षकांना हे वाचताना उचल देणारा मुकादम आठवतो. चहामळ्यांतील मजुरांच्या हालअपेष्टा इतिहासाला ठाऊक आहेत. त्या व्यवस्थेतील त्यांचा सहभाग झाकून चरित्र लिहिणे आम्हांस मान्य नाही.

पुरुलियातच विज्ञानाची पुस्तके हाती पडली आणि आयुष्याला वळण लागले. दार्जिलिंगला काही काळ शिक्षकी करून १८८१ साली त्यांनी ॲबरडीन विद्यापीठात प्रवेश घेतला. १८८५ मध्ये ते डॉक्टर झाले आणि सैन्याच्या वैद्यकीय सेवेत रुजू झाले.

१८८८ साली ते ‘इन्व्हेस्टिगेटर’ या सर्वेक्षण जहाजावर वैद्य व निसर्गशास्त्रज्ञ म्हणून गेले. हे जहाज मुंबईच्या गोदीत बांधले गेले होते. समुद्राची खोली मोजून नकाशे करणे हे त्याचे मुख्य काम. प्राण्यांचा अभ्यास त्यातून मिळालेल्या सवडीत चाले. पोलादी तारेला बांधलेले जाळे शेकडो पुरुष खोल सोडले जाई. वर आलेल्या चिखलातून मासे, खेकडे, कोळंब्या वेचून त्यांची खोली, ठिकाण व रंग यांची नोंद होई. कारण मद्यार्कात ठेवताच रंग उडू लागतात. पावसाळ्यात जहाज बंदरात थांबे, तेव्हा कलकत्त्याच्या संग्रहालयात त्या नमुन्यांचा अभ्यास होई.

१८९३ साली ते त्याच संग्रहालयाचे प्रमुख झाले. १८९९ मध्ये भारतीय खोल समुद्रातील माशांची वर्णनसूची व १९०२ मध्ये प्रवासग्रंथ प्रसिद्ध झाला. १९०६ साली ते पद सोडून इंग्लंडला परतले व उष्ण कटिबंधातील रोगांचे शास्त्र शिकवू लागले. १९३३ साली त्यांचे निधन झाले. संग्रहालयातील त्याच प्राणिशास्त्र विभागातून १९१६ साली भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्था उभी राहिली.

शास्त्रीय नावांमागे अल्कॉक यांचे नाव आजही जोडले जाते. जाळे ओढणाऱ्या खलाशांची नावे मात्र तेथे नाहीत. म्हणून आमच्या विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच : वर्ष वाया गेले म्हणून शिक्षण सोडू नका; डोळ्यांनी पाहा, पाहिलेले त्याच दिवशी लिहा आणि ज्यांच्या श्रमावर ज्ञान उभे राहते, त्यांची नावेही वहीत लिहून ठेवा.