बाजीरावांचा वेग आणि घोड्याची चंदी

पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण मागे पडले की डाळज येते. आज या भागाची ओळख उजनीचे पाणी आणि ऊस ही आहे. तीनशे वर्षांपूर्वी भीमा आणि नीरेच्या खोऱ्यातला हा कमी पावसाचा मुलूख घोड्यांसाठी नावाजलेला होता. इथले भीमथडीचे तट्टू दिसायला ठेंगणे, पण पायाने मजबूत आणि खाण्यापिण्याच्या बाबतीत सोशिक. मराठ्यांच्या घोडदळाचा मोठा भार अशा दख्खनी घोड्यांनी उचलला. त्या घोडदळाचा सर्वांत नामवंत सेनानी म्हणजे थोरले बाजीराव पेशवे.

बाजीरावांचा जन्म 18 ऑगस्ट 1700 चा. वडील बाळाजी विश्वनाथ यांच्याबरोबर ते लहानपणापासून स्वाऱ्यांत वावरले. एप्रिल 1720 मध्ये वडील वारले आणि शाहू महाराजांनी अवघ्या एकोणीस वर्षांच्या या मुलाला पेशवाईची वस्त्रे दिली. दरबारातल्या अनेक जुन्या मंडळींना ते रुचले नव्हते. पुढची वीस वर्षे हा माणूस बहुतेक काळ खोगिरावरच होता.

त्यांचे नाव निघाले की वेगाची गोष्ट येते. दहा दिवसांची मजल दोन दिवसांत मारली, असे अगदी सहज सांगितले जाते. असे सांगताना घोड्याचे स्नायू मात्र विसरले जातात. घोड्याच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग स्नायूंचा असतो आणि त्यांत साखरेचा साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. लांब दौडीत तो संपत जातो. माणसाच्या स्नायूंत तो नीट खाल्ल्यावर साधारण एका दिवसात भरून निघतो, घोड्याला मात्र दोन ते तीन दिवस लागतात. म्हणजे आज जीव तोडून पळालेला घोडा उद्या सकाळी तितकाच पळेल, हे शरीराला मान्य नाही. मराठी फौजांना हे व्यवहाराने ठाऊक होते. म्हणून सोबत रिकामे कोतल घोडे असत, तोफा आणि बाडबिस्तरा कमीत कमी असे.

घोडा तयार व्हायचा तो पागेत. हरभऱ्याची चंदी, कुळीथ म्हणजे आपल्याकडचे हुलगे, जोडीला कडबा आणि गवत. हा खुराक आजच्या आहारशास्त्राच्या कसोटीलाही उतरतो. ज्वारीच्या दाण्यात प्रथिने सुमारे दहा टक्के, हरभऱ्यात आणि हुलग्यात त्याच्या दुप्पट. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, स्नायू बांधायला लागणारे लायसिन हे अमिनो आम्ल ज्वारीत तुटपुंजे असते आणि कडधान्यात भरपूर. ज्वारी पळायला ताकद देते, पण मांडी भरायची तर तोबऱ्यात हरभरा हवा. आपल्या भाकरी आणि पिठल्याचे गणितही हेच आहे.

नुसत्या चंदीने मात्र घोडा सुटतो, घट्ट होत नाही. रोजची रपेट हवी. आधी चाल, मग दुडकी, मग चढाची वाट, आणि अंतर हळूहळू वाढवायचे. काही आठवड्यांत स्नायूंतल्या बारीक रक्तवाहिन्या वाढतात, पेशींतली ऊर्जा तयार करणारी केंद्रे वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलू लागते. मोतद्दाराला हे छातीच्या आणि पुठ्ठ्याच्या भरावावरून कळते. फसगत होते ती इथेच. स्नायू लवकर तयार होतात, पण पायाच्या शिरा आणि हाडे पक्की व्हायला अनेक महिने जातात. वरून तयार दिसणारा घोडा एकदम पळवला की पायाची शीर जाते आणि घोडा कायमचा लंगडा होतो.

दुसरी चूक उलट बाजूची. युरोपातल्या ओझ्याच्या घोड्यांना रविवारी सुट्टी असे, चंदी मात्र पूर्ण मिळे. सोमवारी कामाला जुंपले की काही घोड्यांचे पुठ्ठे लाकडासारखे ताठ होत आणि लघवी कॉफीच्या रंगाची होई. या आजाराचे नावच सोमवारचा आजार पडले. स्नायूंच्या पेशी फुटून त्यातले रंगद्रव्य मूत्रपिंडात उतरते. पोलीस भरतीसाठी सरावाशिवाय एकदम धावायला लागलेल्या किंवा जिममध्ये पहिल्याच दिवशी शंभर बैठका मारलेल्या तरुणांनाही असाच त्रास होऊ शकतो, कधी डायलिसिसपर्यंत वेळ येते. गडद तपकिरी लघवी दिसली तर थकवा म्हणून घरी बसू नये, त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

मराठ्यांच्या रिवाजात याची सोय आपोआप होती. दसऱ्याला सीमोल्लंघन, पावसाळ्यात छावणी. चार महिने घोड्याला हिरवा चारा आणि आराम.

या तयारीची परीक्षा 1727-28 मध्ये झाली. निजामाकडे जड तोफखाना होता आणि त्याने पुण्यापर्यंत धडक मारली. बाजीराव पुणे वाचवायला धावले नाहीत. जालना, खानदेश, बऱ्हाणपूर, गुजरात असे फिरत त्यांनी निजामाला मागे ओढले. त्या ओढाताणीत निजामाचा तोफखाना मागे राहिला. फेब्रुवारी 1728 मध्ये वैजापूरजवळच्या पालखेडला त्यांनी त्याला घेरले आणि पाणी तोडले. एका घोड्याला दिवसाला पंचवीस ते चाळीस लिटर पाणी लागते, उन्हात आणखी. तहानलेली फौज किती दिवस तग धरणार? 6 मार्चला मुंगी-शेवगावचा तह झाला. पुढच्याच वर्षी त्यांनी बुंदेलखंडात छत्रसालांची सुटका केली. मार्च 1737 मध्ये मोगल फौजांना बगल देऊन ते थेट दिल्लीच्या वेशीवर उभे राहिले.

निजामाने एका चित्रकाराला बाजीराव दिसतील तसे रेखाटून आणायला सांगितले, अशी आख्यायिका आहे. चित्रात ते घोड्यावर बसून, लगाम सैल सोडून, ज्वारीची कणसे हातावर चोळून खात होते. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातला माणूस घोडा चालत असताना जेवतो. घोड्याच्या विश्रांतीची व्यवस्था होती, स्वाराच्या नव्हती. घरीही स्वस्थता कमीच. मस्तानीवरून कुटुंबात आणि पुण्यात वादळ उठले होते आणि शेवटच्या महिन्यांत तिला त्यांच्यापासून दूर कैदेत ठेवले गेले.

एप्रिल 1740 मध्ये बाजीराव नर्मदाकाठी रावेरखेडीला होते. निमाडचा तो उन्हाळा चाळीस अंशांच्या वर जातो. काम करणाऱ्या स्नायूत खर्च होणाऱ्या ऊर्जेचा जवळजवळ तीन चतुर्थांश भाग नुसती उष्णता होऊन बाहेर पडतो. ती घालवायला घोडा आणि माणूस दोघेही मुख्यतः घामावर अवलंबून असतात, आणि घामाबरोबर पाणी जाते, मीठ जाते. घोड्याच्या घामात तर क्षार माणसापेक्षाही जास्त असतात. त्यामुळे दौडीनंतर घोड्याला पाण्याबरोबर मीठही लागते.

बाजीरावांना तिथे ताप भरला. काही दिवसांतच, 28 एप्रिलला, ते गेले. वय एकोणचाळीस. नर्मदेच्या काठी, रावेरखेडीला त्यांची समाधी आहे.