डॉक्टर प्रफुल्लकुमार सेन

यशस्वी पुरुषांची चरित्रे आमच्या वाचकांस नेहमीच वाचावयास मिळतात. ज्यांच्या सर्वांत मोठ्या प्रयत्नास अपयश आले, अशा एका शस्त्रवैद्याची हकीकत सांगण्याचे यंदा आम्ही योजिले आहे.

प्रफुल्लकुमारांचा जन्म सन १९१५ मध्ये बंगाली कुटुंबात झाला. परंतु त्यांची कर्मभूमी मुंबईच होय. परळ येथील के. ई. एम. इस्पितळ व त्यास जोडलेले वैद्यकीय महाविद्यालय येथे ते शस्त्रक्रियेचे मुख्य प्राध्यापक होते. हे इस्पितळ मुंबई महानगरपालिकेचे. आपल्या धाराशिवकडील गरीब रोगीही तेथवर जातात, हे पालकांस सांगावयास नकोच.

त्यांची संशोधकदृष्टी विलक्षण होती. सर्पाच्या हृदयाचा स्नायू आतील पोकळीतून झिरपणाऱ्या रक्तावर पोसला जातो. हे पाहून, मनुष्याच्या रोगग्रस्त हृदयासही सुईने सूक्ष्म छिद्रे पाडून तसेच रक्त पोहोचविता येईल काय, याचा त्यांनी शोध घेतला. सर्पाकडून उपचार शिकावा, ही कल्पना आम्हांस तरी फार मौजेची वाटते!

डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊन येथे डॉ. बर्नार्ड यांनी पहिले मानवी हृदयारोपण केले. पुढे अडीच महिन्यांच्या आतच, फेब्रुवारी १९६८ मध्ये, सेनांनी परळ येथे तेच कार्य आरंभिले. रोगी शेतकरी होता. हृदय लोकलगाडीतून पडून मरण पावलेल्या एका तरुणीचे. नवे हृदय चालू झाले, परंतु सुमारे तीन तासांतच रोगी दगावला. दीर्घ आजाराने त्याच्या फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत दाब अतिशय वाढला होता, आणि निरोगी शरीरातून आलेल्या हृदयास इतक्या दाबाविरुद्ध रक्त लोटण्याची सवय नव्हती. आज असा दाब आधी मोजूनच रोग्याची निवड करितात. त्याच वर्षीचा दुसरा रोगीही काही तासच जगला.

सेनांनी घाई केली, असे म्हणणारे तेव्हाही होते. आम्हांस ते पटत नाही. त्यांनी आधी कित्येक वर्षे प्रयोगशाळेत कुत्र्यांवर हा प्रयोग केला होता, आणि त्या शेतकऱ्यास दुसरा उपाय उरला नव्हता. शिवाय मेंदूचा मृत्यू हाच मनुष्याचा मृत्यू, असे मानणारा कायदा तेव्हा या देशात नव्हता. परके इंद्रिय शरीराने झिडकारू नये म्हणून पुढे निघालेली प्रभावी औषधेही नव्हती.

सन १९८२ मध्ये सेन निवर्तले. सन १९९४ मध्ये अवयवारोपणाचा कायदा संमत झाला, आणि त्याच वर्षी दिल्लीस डॉ. वेणुगोपाल यांनी बसविलेले हृदय टिकले.