राखेतून उभा राहिलेला आसरा

महाड आणि पोलादपूर तालुक्यांतील माणसाला सर्वस्व जाणे म्हणजे काय, हे शब्दांनी समजावून सांगावे लागत नाही. २००५ च्या जुलैत जुई व दासगाव येथे, आणि २०२१ च्या जुलैत तळिये, केवनाळे व सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या आणि नांदती कुटुंबे पाहता पाहता नाहीशी झाली. पंचनामे होतात, मदत पोहोचते, कालांतराने घरेही बांधली जातात. परंतु मागे उरलेल्या माणसाने कशाच्या आधारावर पुन्हा उभे राहावे, हा प्रश्न कोणत्याही सरकारी कागदात मावत नाही. पंडिता रमाबाईंपुढे हा प्रश्न आयुष्यात पुन्हा पुन्हा उभा राहिला, आणि त्याला त्यांनी दिलेले उत्तर आजही विचार करण्याजोगे आहे.

रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये कर्नाटकातील गंगामूळच्या अरण्यात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे विद्वान. स्त्रियांनी संस्कृत शिकू नये, हा त्या काळचा दंडक झुगारून त्यांनी पत्नीला शिकविले आणि त्या माउलीने मुलीला. पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडणारे हे कुटुंब १८७४ च्या सुमारास दुष्काळात सापडले. होते नव्हते ते विकले गेले. पाणी, झाडपाला आणि मूठभर रानखजूर यांवर दिवसांमागून दिवस काढावे लागले. काही महिन्यांच्या अवधीत वडील, आई आणि थोरली बहीण गेली. आईच्या तिरडीला खांदा देण्यास पुरेशी माणसे मिळेनात, तेव्हा सोळा वर्षांच्या रमाबाईंनाच तो भार वाहावा लागला.

उरलेला भाऊ श्रीनिवास याच्यासह त्या पायी देश हिंडल्या. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण १८८० मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी जातीची बंधने ओलांडून त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी विवाह केला. तो संसारही १८८२ मध्ये पटकीने हिरावून नेला. वयाच्या चोविसाव्या वर्षी, तान्ह्या मनोरमेला घेऊन त्या महाराष्ट्रात आल्या, तेव्हा माहेरचे असे कोणीही उरले नव्हते.

पुढे इंग्लंडमध्ये असताना, २९ सप्टेंबर १८८३ रोजी, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा निर्णय केवळ दुःखाच्या भरात घेतलेला नव्हता. समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांना तेथील धर्मभगिनी मायेने सांभाळताना त्यांनी पाहिल्या, आणि शोमरोनी स्त्रीला ख्रिस्ताने दिलेली सन्मानाची वागणूक बायबलात वाचली. ज्याच्या दारी टाकून दिलेल्यांनाही जागा आहे, असा देव त्यांना तेथे भेटला. तथापि मनाची पूर्ण शांती तेव्हाही लाभली नाही. ती पुढे आठ-नऊ वर्षांनी लाभल्याचे त्यांनी स्वतःच नमूद केले आहे. श्रद्धेने जखम एका रात्रीत भरून येत नाही, हे त्यांच्या चरित्रावरून स्पष्ट होते.

या श्रद्धेचे मोलही त्यांना द्यावे लागले. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढले व पुढच्या वर्षी ते पुण्यास नेले. धर्माच्या बाबतीत संस्था तटस्थ राहील, असे आश्वासन होते. मुलींचा कल ख्रिस्ती धर्माकडे होत आहे, असा बोभाटा होताच १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे व डॉ. भांडारकर यांनी सल्लागार मंडळ सोडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. आक्षेप घेणाऱ्यांची बाजू सर्वस्वी निराधार होती, असे म्हणता येत नाही. पण पुढे आनंदीबाई कर्वे झालेल्या गोदूबाई याच सदनात शिकल्या, हेही विसरता येत नाही.

१८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडला. स्वतःची उपाशी वणवण आठवून रमाबाई तेथे गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना घेऊन परतल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावच्या माळावर मुक्ती सदन उभे राहिले. तेथे शेती होती, माग होते, छापखाना होता, अंधांना शिकविण्याची सोय होती. दान घेऊन जगणे नव्हे, तर हाताला काम आणि मानाने जगणे, हा तेथील नियम होता.

आयुष्याच्या अखेरीस रमाबाई मूळ हिब्रू व ग्रीक भाषांवरून बायबलचे मराठी भाषांतर करीत होत्या. १९२१ मध्ये, उजवा हात बनलेली मनोरमा वारली. तरीही त्यांनी ते काम सोडले नाही. ते तडीस नेऊनच ५ एप्रिल १९२२ रोजी त्यांनी देह ठेवला.

गेलेले एकही माणूस रमाबाईंना परत मिळाले नाही. श्रद्धेने त्यांचे दुःख पुसले नाही. त्या दुःखाला दुसऱ्यांसाठी दार करून दिले. ज्या मुलीला एके काळी कोणी आसरा दिला नाही, तीच असंख्य निराधारांचा आसरा झाली. आपत्तीनंतरचे खरे पुनर्वसन याहून वेगळे नसते. दरडीने पोरक्या झालेल्या मुलाला वर्गात जवळ बसविणारा शिक्षक, आणि विधवेचा अर्ज टेबलावर पडू न देणारा कारकून, यांचा धर्म कोणताही असो, ते याच वाटेवरचे प्रवासी होत.