सार्वजनिक काका

बँकेत होतो तेव्हा सोसायटीच्या कामाला माझं एकच उत्तर असायचं, वेळ नाही. गणेश वासुदेव जोशी आठवले की आता त्याची लाज वाटते.

त्यांचा जन्म साताऱ्यात, १८२८ सालचा, वकिली पुण्यात. पर्वती संस्थानच्या कारभाराबद्दल लोक नाराज होते, त्यातून १८७० साली पुणे सार्वजनिक सभा उभी राहिली. सभासद व्हायला किमान ५० जणांचं मुखत्यारपत्र लागे. वकिली सांभाळून जोशींनी सभेचा आणि स्वदेशीचा भार उचलला; लोक त्यांना ‘सार्वजनिक काका’ म्हणू लागले. १८७९ साली वासुदेव बळवंत फडक्यांचं वकीलपत्र घ्यायला माणसं कचरत होती. ते काकांनी घेतलं. पुढच्याच वर्षी, ५२व्या वर्षी, ते गेले.

आपल्याकडे डॉक्टर, इंजिनिअर, सीए सगळे आहेत. सेक्रेटरीची खुर्ची मात्र दरवर्षी वाट बघते.