चोपाऊचे उस्ताद

गाण्याच्या मास्तराने मोटारसायकलीच्या इंजिनावर लिहावे, हे वाचकांना थोडे चमत्कारिक वाटेल. त्याचा दोष माझ्या एका शिष्याकडे जातो. तो शिकवणीला साडेतीनशे सी.सी.ची जुनी राजदूत घेऊन येतो. यामाहाच्या नमुन्यावरून १९८३ पासून आपल्याकडे निघू लागलेली टू-स्ट्रोक गाडी. गल्लीच्या तोंडाशी ती नुसती फडफडत असते. मग मुठीला थोडा पीळ मिळतो आणि एका ठरावीक जागी तिचा आवाज एकाएकी भरतो. तंबोऱ्याच्या घोडीवर दोरा सरकवता सरकवता नेमकी जागा सापडावी आणि जवारी उघडावी, अगदी तसे. हे का होते याचा शोध घेत गेलो, तो वाल्टर काडेन या नावाशी येऊन थांबलो.

काडेन यांचा जन्म १ सप्टेंबर १९१९ चा, जर्मनीतल्या सॅक्सनी प्रांतात, पोबरशाऊ नावाच्या डोंगराळ गावी. वडील डी.के.डब्ल्यू. या मोटारसायकलींच्या कंपनीत एका अधिकाऱ्याचे शोफर. १९२७ साली न्युर्बुर्गरिंगचा शर्यतीचा रस्ता खुला झाला, तेव्हा सात वर्षांचा वाल्टर तिथे हजर होता. गवयाच्या घरी पोर पाळण्यातच सूर ऐकते, त्यातलाच हा प्रकार. पुढे इंजिनिअरिंगचे शिक्षण झाले, आणि महायुद्धात हेन्शेल कंपनीत, विमानातून सोडून दुरून वळवता येणाऱ्या बॉम्बवर त्यांनी काम केले. त्या कामाचे कौतुक करण्याचे मला कारण नाही.

युद्ध संपले, देश दुभंगला. काडेन पूर्वेकडच्या चोपाऊ गावी आले आणि पडक्या घरांच्या छपरांसाठी लाकडी कैच्या बनवण्याचा धंदा करू लागले. फावल्या वेळात डी.के.डब्ल्यू.च्या १२५ सी.सी. गाडीवर हात चालवून त्यांनी शर्यतीची गाडी केली. १९५३ साली तिथल्या सरकारी कारखान्याने, म्हणजे पुढे एम.झेड. नावाने प्रसिद्ध झालेल्या कारखान्याने, शर्यतीचे खाते त्यांच्या हाती दिले. पैसा बेताचा, सामान त्याहून बेताचे.

टू-स्ट्रोक इंजिन त्या काळी गरिबाचे वाहन समजले जाई. त्याला झडपा नसतात. सिलिंडरच्या भिंतीला खिडक्या असतात, आणि पिस्टनच वरखाली जाताना त्या उघडतो नि मिटतो. धूर जायची खिडकी आधी उघडते आणि शेवटी मिटते. त्यामुळे आत आलेले ताजे मिश्रण बरेचसे न जळताच धुराबरोबर पळून जाते. ही गळती थांबवायची कशाने? काडेन यांनी ती आवाजाने थांबवली.

सनईसारखी रुंदावत जाणारी नळी घ्या, आणि तिच्या तोंडाला दुसरी सनई उलटी जोडा. मागे एक बारीक शेपूट ठेवा. शर्यतीच्या टू-स्ट्रोकची धूर जायची नळी ही अशी असते. खिडकी उघडताच दाबाची लाट नळीतून धावत सुटते. नळी रुंदावते तिथून ती ओढ घेऊन परतते, सिलिंडर रिकामा करते, ताजे मिश्रण आत खेचते. थोडे तर नळीपर्यंत येते. पुढे नळी निमुळती होते तिथून परतणारी लाट दाबाची असते. ती बाहेर आलेले मिश्रण पुन्हा आत लोटते, आणि तेवढ्यात पिस्टन खिडकी मिटतो. मात्र लाटेने वेळेवर परतले पाहिजे. नळीची लांबी चुकली की सम चुकली. म्हणूनच ही इंजिने एका अरुंद पट्ट्यातच बोलतात. त्याच्या खाली ती निर्जीव, वर गेली की दमलेली.

हे सारे काडेन यांच्या एकट्याच्या डोक्यातून निघाले असे मात्र नाही. फुगीर नळी एरिश वोल्फ यांनी डी.के.डब्ल्यू.साठी १९५१ मध्ये केली होती. मिश्रण आत घेण्यासाठी दांड्याबरोबर फिरणारी पातळ चकती ही डानियल त्सिमरमान यांची. काडेन यांनी दोन्ही उचलले, पण कानावर विसंबले नाहीत. ऑसिलोस्कोप लावून नळीतल्या लाटा डोळ्यांनी पाहिल्या. १९५७ च्या सुमारास सिलिंडरला मिश्रणाची तिसरी खिडकी पाडली, तिने पिस्टनचा ताप उतरला. १९५८ साली स्वीडनमध्ये होर्स्ट फ्युग्नर याने २५० सी.सी.ची शर्यत जिंकली. १९६१ पर्यंत १२५ सी.सी.चे इंजिन मिनिटाला १०,८०० फेऱ्यांवर २५ अश्वशक्ती देऊ लागले. लिटरमागे २०० अश्वशक्ती, तीही हवा भरणाऱ्या पंपाशिवाय, तोवर कोणी काढली नव्हती. १०,८०० फेऱ्या म्हणजे सेकंदाला १८० ठोके. मी पेटीवर लावून पाहिले: पांढरी चार आणि काळी तीन यांच्या मधोमध.

एर्न्स्ट डेग्नर हा त्यांचा पट्टशिष्य. स्वतः शिकलेला इंजिनिअर, आणि स्वारही अव्वल. १९६१ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनची भिंत उभी राहिली. १७ सप्टेंबरला स्वीडनमध्ये क्रिस्टियानस्टाड येथे शर्यत होती. ती जिंकली असती तर १२५ सी.सी.चे जगज्जेतेपद डेग्नरचे होते. इंजिन मध्येच बिघडले. डेग्नर परतलाच नाही. बायकामुलांना गाडीच्या डिकीत लपवून त्याने आधीच पश्चिमेकडे नेण्याची तजवीज केली होती. तो पुढे जपानला, सुझुकीकडे गेला. काडेन यांच्याकडे शिकलेले सारे त्याच्याबरोबर गेले. पुढच्याच वर्षी, १९६२ मध्ये, सुझुकीच्या ५० सी.सी. गाडीवर तो जगज्जेता झाला. टू-स्ट्रोकचे ते पहिले जगज्जेतेपद.

इथे मला माझे वडील आठवतात. दरबारच्या नोकरीत त्यांनी बांधलेली एक चीज त्यांचाच एक शिष्य दुसऱ्या गावी घेऊन गेला, आणि तिथे ती दुसऱ्याच नावाने मान्यता पावली. वडील त्यावर कधी बोलले नाहीत. मी मात्र पुष्कळ वर्षे जळत होतो. डेग्नरची हकीगत वाचताना प्रथम तीच जळजळ झाली. मग वोल्फ आणि त्सिमरमान आठवले, आणि वडिलांच्या चिजेचा मुखडा त्यांच्या गुरूंच्या एका तराण्यातून आला होता हेही आठवले. तरी डेग्नरला मी पुरता माफ केलेले नाही. १९६३ साली सुझुका येथे तो भयंकर भाजला, १९८३ मध्ये टेनेरीफ बेटावर वारला. त्याचे वाईट वाटते, एवढेच.

काडेन चोपाऊतच राहिले. १९६३ साली त्यांच्या २५० सी.सी. गाडीवर माइक हेलवुड घरच्या झाक्सनरिंगवर जिंकला. पण जगज्जेतेपद एम.झेड.ला कधीच मिळाले नाही. नळी मात्र सर्वत्र पोहोचली. ५०० सी.सी.च्या थोरल्या वर्गात १९७५ साली आगोस्तिनी यामाहाच्या टू-स्ट्रोकवर जगज्जेता झाला, आणि २००१ पर्यंत त्या वर्गाचे प्रत्येक जगज्जेतेपद टू-स्ट्रोकनेच मिळवले.

३ मार्च १९९६ रोजी काडेन वारले. शिष्याला मी हे सारे सांगितले. त्याने राजदूतच्या नळीवर हात ठेवला, आणि ती गरम असल्यामुळे लगेच काढला.