निवृत्तीचा हिशेब आणि पवनारचे विनोबा



आजचं वाचन छोटं आहे. ईशावास्य उपनिषदातला पहिलाच मंत्र. त्याचा आशय साधारण असा, की या जगात जे जे हलतं-चालतं आहे ते सगळं ईश्वराचं आहे. म्हणून आधी सोडायचं, मग भोगायचं, आणि कुणाच्याच धनाची हाव धरायची नाही. इंजिनिअरिंगला असताना हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला यात सरळसरळ बग दिसला होता. सोडायचं असेल तर भोगायचं कसं? आणि भोगायचं असेल तर सोडायचं कशाला?

या महिन्यात घरात एक भांडण झालं आणि हा मंत्र परत समोर आला. आधी भांडण सांगतो.

माझे बाबा तीन वर्षांपूर्वी खोपोलीतल्या एका कारखान्यातून रिटायर झाले. आमचं घर कर्जतला. आयुष्यभर त्यांनी कर्जत-खोपोली लोकल केली. पळसदरी, केळवली, डोळवली, लौजी, खोपोली, आणि संध्याकाळी तेच उलटं. मी पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार घरी. ते रिटायर झाले तेव्हा मी मोठ्या हौसेने त्यांच्यासाठी एक एक्सेल शीट बनवली. एफडीचं व्याज, पीएफ, महागाईचा दर, किराणा, औषधं, प्रवास, करमणूक, सगळे कॉलम. तीन वर्षं झाली, पण प्रत्यक्ष खर्च माझ्या अंदाजाच्या निम्म्यावरही जात नाही. करमणुकीच्या कॉलमात तर जवळजवळ शून्यच.

गेल्या महिन्यात माझा पारा चढला. फोन जुनाच, पंखा जुनाच, फिरायला कुठे जात नाहीत, आणि त्यात कळलं की डॉक्टरांनी सांगितलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्यांनी सहा महिने पुढे ढकललंय. मी म्हटलं, पैसे साठवून करायचंय काय? बाबा काही बोलले नाहीत. उठून परसातल्या अळूला पाणी घालायला गेले. आईने मला एवढंच विचारलं, की बाबा तुला दुःखी दिसतात का? मला पटकन उत्तर देता आलं नाही. कारण ते दुःखी दिसत नव्हते.

दुसऱ्या दिवशी डोकं शांत करायला बाईक काढली. खोपोलीवरून पेण रस्त्याला लागलो आणि आत गागोद्याला गेलो. आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण विनोबा भावे आपल्याच रायगडचे. ११ सप्टेंबर १८९५ ला, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या या गावात त्यांचा जन्म झाला. खालापूर तालुका ओलांडून पेण तालुक्यात शिरलं की आलंच. शाळेत आपण भूदानाचा एक परिच्छेद पाठ केला आणि विषय संपवला. पण थोड्यात आनंदाने कसं राहावं, आणि काम संपलं की कसं थांबावं, हे शिकायला मला तरी यांच्याइतका जवळचा माणूस सापडला नाही.

विन्याची शिकवणी गागोद्यात आईपासून सुरू झाली. आई रखुमाबाई फार शिकलेल्या नव्हत्या, पण घरात त्यांचा एक नियम होता. झाडावरचा फणस उतरवला की आधी शेजारीपाजारी गरे जायचे, ते पोचवायचं काम मुलांचं, आणि मग घरच्यांनी खायचे. कोकणातल्या पोराला फणस समोर ठेवून थांबायला लावणं म्हणजे काय, ते आपल्याला वेगळं सांगायला नको! पण विनोबांना आयुष्यभर आठवत राहिली ती या वाटण्यातली गोडी. सोडून भोगणं त्यांना उपनिषदाच्या आधी फणसाने शिकवलं.

पुढे वडिलांच्या नोकरीमुळे कुटुंब बडोद्याला गेलं. हुशार मुलगा, गणिताची आवड, वडिलांची करिअरची स्वप्नं, म्हणजे आपल्यासारखंच. पण १९१६ च्या मार्चमध्ये इंटरच्या परीक्षेला मुंबईला निघालेला हा मुलगा सुरतलाच उतरला आणि काशीला गेला. सर्टिफिकेटं त्याआधीच चुलीत गेली होती. त्याच वर्षी ७ जूनला अहमदाबादच्या कोचरब आश्रमात गांधीजींची भेट झाली, आणि १९२१ पासून वर्धा ही कर्मभूमी झाली. आईला संस्कृत गीता कळत नव्हती, मराठीत सोपी हवी होती. आई गेल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, ७ ऑक्टोबर १९३० ला, त्यांनी गीताई लिहायला घेतली आणि पुढच्या फेब्रुवारीत पूर्ण केली. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे परत येणार आहे.

आता आपल्या विषयाचं. साधेपणा ही विनोबांची म्हातारपणची सोय नव्हती. त्यांनी तो तरुणपणापासून एकेक प्रयोग करून तपासला होता. १९३५ च्या सुमारास वर्ध्याजवळ नालवाडीला असताना त्यांनी ठरवलं, की दिवसभर सूत कातून जेवढी मजुरी पडेल तेवढ्यातच जेवायचं. कातणाऱ्या बाईला त्या दरात जगता येतं का, हे स्वतःच्या पोटावर तपासायचं होतं. आपल्या भाषेत, प्रॉडक्शनमध्ये टेस्टिंग!

त्याचा परिणाम असा, की १९३८ पर्यंत शरीर पार खंगलं. वजन ९० पौंडांच्याही खाली गेलं. वय फक्त ४२. गांधीजींनी त्यांना जबरदस्तीने विश्रांती घ्यायला लावलं. थंड हवेच्या एखाद्या ठिकाणी जायचा आग्रह होता, पण विनोबांनी निवडलं वर्ध्याजवळच धाम नदीच्या काठचं पवनार. तिथे टेकाडावर जमनालाल बजाजांचा बंगला रिकामा होता. नदीचा पूल ओलांडताना त्यांनी मनातल्या सगळ्या कामांचं ओझं उतरवून ठेवलं, आणि मगच पलीकडे पाऊल टाकलं. तिथे ते रोज थोडी थोडी माती खणायला लागले. सुरुवातीला काही मिनिटं, मग हळूहळू जास्त. मोकळी हवा, माफक आहार, डोक्यात चिंता नाही. काही महिन्यांत तब्येत सुधारली, वजन वाढलं. खणताना जमिनीतून जुन्या मूर्तीही निघाल्या, त्यातली एक राम-भरत भेटीची. ती अजून पवनारच्या आश्रमात आहे.

मला हा प्रसंग फार महत्त्वाचा वाटतो. ज्या माणसाने सगळं सोडलं होतं, त्याने शरीर मोडायला लागल्यावर दुसऱ्याचं ऐकलं आणि ते दुरुस्त केलं. देहाची हेळसांड म्हणजे वैराग्य, असं त्यांनी धरलं नाही. गीतेचा सहावा अध्यायही हेच सांगतो, की फार खाणाऱ्याला योग साधत नाही आणि मुळीच न खाणाऱ्यालाही नाही.

पुढे १९५० च्या सुमारास याच पवनारला कांचनमुक्तीचा प्रयोग झाला. पैशाशिवाय आश्रम चालवायचा. बैलांशिवाय, स्वतःच्या हातांनी शेती करायची, विहीर खणायची, पिकेल ते खायचं. १८ एप्रिल १९५१ ला तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूदान सुरू झालं आणि पुढची १३ वर्षं हा माणूस चालत राहिला. लाखो एकर जमीन मिळाली. सगळी वाटली गेली नाही, काही नापीक निघाली, हेही खरं. पण एवढी जमीन हातावरून गेली आणि स्वतःच्या नावावर गुंठाभरही राहिली नाही!

आणि मग येते निवृत्ती. ७ ऑक्टोबर १९७० ला, म्हणजे गीताई लिहायला घेतली त्याला बरोबर ४० वर्षं झाली त्या दिवशी, ७५ वर्षांच्या विनोबांनी क्षेत्रसंन्यास घेतला. आता पवनार सोडून कुठेही जायचं नाही. ज्याने पायाखाली देश घातला, त्याने स्वतःभोवती एक छोटं वर्तुळ आखून घेतलं.

तिथे ते काय करत होते? १९५९ मध्ये त्यांनीच बहिणींसाठी स्थापन केलेलं ब्रह्मविद्या मंदिर होतं. तिथल्या बहिणींबरोबर विष्णुसहस्रनाम म्हणायचं. भेटायला येणाऱ्यांशी गप्पा, त्यात थट्टा-मस्करीही भरपूर. आहार मोजका, दूध-दही, मध असा, कारण पोटात जुना अल्सर होता. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे अंगणातली सफाई. एकेक पान, एकेक काडी उचलायची. प्रत्येक काडी त्यांच्यासाठी जपमाळेतला एक मणी होती. म्हणजे यांचाही करमणुकीचा कॉलम शून्यच होता बघा! माझ्या शीटने विनोबांनाही दुःखी ठरवलं असतं.

सगळं गोड-गोड सांगत नाही. या निवृत्तीवर टीकाही झाली. १९७४ च्या नाताळपासून त्यांनी वर्षभर मौन घेतलं आणि त्याच काळात देशात आणीबाणी आली. त्यांनी उघड विरोध केला नाही, याचं दुःख त्यांच्या अनेक सहकाऱ्यांना झालं, काही दुरावले. मलाही तो भाग पचत नाही. जग सोडून बसलेल्या माणसाचंही जग काही देणं लागतं का, हा प्रश्न तिथे उरतोच.

नोव्हेंबर १९८२ मध्ये हृदयविकाराचा झटका आला. वय ८७. काही दिवसांनी त्यांनी अन्न, पाणी, औषध, सगळं थांबवलं. १५ नोव्हेंबरला, दिवाळीच्या दिवसांत, पवनारलाच त्यांनी देह ठेवला.

गागोद्याहून परत आलो आणि संध्याकाळी बाबांशी बसलो. आधी माफी मागितली. मग विचारलं, दिवसभर काय काय करता ते सांगा तरी. पहाटे उल्हास नदीपर्यंत चालणं. देवळात हरिपाठ. पावसाळ्यात आदिवासी बायका शेवळं, टाकळा, कुर्डू घेऊन येतात, त्यांच्याकडून भाजी घेणं आणि ती कशी करायची ते विचारून घेणं. शेजारच्या दोन मुलांना गणित शिकवणं, फी नाही. कधीतरी जुन्या सोबत्यांना भेटायला उगाच खोपोली लोकलने जाऊन येणं. सांगताना त्यांचा चेहरा बघायला हवा होता. फोन बदलायची त्यांना खरंच गरज वाटत नव्हती. तिथे मी चुकलो होतो.

मग डोळ्यांचा विषय काढला. बाबा हसून म्हणाले, की तुझ्या विनोबांनीही औषध नाकारलंच होतं ना! आता इथे वाचन कामी आलं. मी म्हटलं, बाबा, ते ८७ व्या वर्षी, सगळं आटोपल्यावर. ४२ व्या वर्षी गांधीजींनी सांगितलं तेव्हा त्यांनी मुकाट्याने तब्येत सुधारली. आणि फोटोत त्यांच्या डोळ्यांवर चष्मा आहे, तोही त्यांनी सोडला नव्हता. बाबा थोडा वेळ गप्प बसले. मग खरं कारण बाहेर आलं. उद्या मोठं आजारपण आलं आणि पैसे पुरले नाहीत तर माझ्यावर ओझं पडेल, ही भीती. आणि गेले सहा महिने ज्ञानेश्वरीची ओळ नीट दिसत नव्हती, तर ते आईकडून वाचून घेत होते. मला कुणीच सांगितलं नव्हतं.

तर मंडळी, मंत्रातला माझा बग असा सुटला. नवीन फोन बाबांनी सोडला होता आणि त्यांना मोकळं वाटत होतं. तो त्याग. डोळ्यांचं ऑपरेशन त्यांनी सोडलं नव्हतं, भीतीने दाबून ठेवलं होतं. ती हाव नव्हे, पण उद्याच्या धनाला धरून बसणं होतंच. बाहेरून दोन्ही काटकसरच दिसतात, एक्सेलमध्ये दोन्हीकडे शून्यच येतं. विनोबांच्या पवनारच्या अंगणात पहिली गोष्ट होती, दुसरी नव्हती. म्हणून तिथे थोडक्यात आनंद मावला.

ऑपरेशनची तारीख घेतली आहे, पुढच्या मंगळवारी. शीटमधला करमणुकीचा कॉलम मी काढून टाकला. औषधोपचाराचा दुप्पट केला आणि तो बाबांना समोर बसवून दाखवला, म्हणजे त्यांची भीतीही जरा कमी होईल.

आजचा अभ्यास : आपण, किंवा आपले आईबाबा, कशाकशाशिवाय राहतो त्याची एक छोटी यादी करा. प्रत्येकापुढे लिहा, मोकळं वाटतं म्हणून सोडलंय की भीती वाटते म्हणून. दुसऱ्या प्रकारचं एक जरी सापडलं, तर आज घरी फोन करा.

उद्या दुसरा मंत्र, कर्म करत शंभर वर्षं जगण्याची इच्छा धरण्याचा. बाबांच्या डोळ्यांसाठी दोन मिनिटं नाम घ्या.

राम कृष्ण हरी.