मनाचा शोध घेणारे आबे फारिया

मुलांनो, चिंचेचे किंवा कैरीच्या लोणच्याचे नुसते नाव काढा. लगेच तोंडाला पाणी सुटते. रोजा असताना इफ्तारच्या आधी सरबताची आठवण झाली, तरी हाच अनुभव येतो. जिभेवर तर काहीच नसते. मग हे पाणी कोठून येते? मनात आठवण जागी होते, मेंदू लाळेच्या ग्रंथींना संदेश पाठवतो आणि तोंडात लाळ सुटते.

मेंदू म्हणजे उर्दूत आपण ज्याला दिमाग म्हणतो तो अवयव. मोठ्या माणसाच्या मेंदूचे वजन सुमारे १.४ किलो असते. मेंदू पाहता येतो, त्याचे वजन करता येते. मन तसे दाखवता येत नाही. आपले विचार, आठवणी, भीती, इच्छा या सर्वांना मिळून आपण मन म्हणतो. या मनाची शक्ती ओळखणारा एक माणूस आपल्या शेजारच्या गोव्यात जन्मला. त्याचीच ही कथा आहे.

जोसे कुश्तोदियो द फारिया यांचा जन्म १७५६ साली गोव्यातील कांदोळी या गावी झाला. गोव्यात तेव्हा पोर्तुगिजांचे राज्य होते. जोसे लहान असतानाच त्यांचे आईवडील वेगळे झाले. आई जुन्या गोव्यातील मठात जोगीण झाली. वडील पाद्री झाले. १७७१ साली पंधरा वर्षांच्या जोसेला घेऊन ते पोर्तुगालला गेले. पुढे रोम शहरात जोसेचे शिक्षण झाले आणि १७८० साली तेही पाद्री झाले. फ्रेंच भाषेत पाद्र्याला आबे म्हणतात. म्हणून ते पुढे आबे फारिया या नावाने प्रसिद्ध झाले.

त्यांच्या तरुणपणाची एक आख्यायिका गोव्यात आजही सांगतात. एकदा पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचन करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. समोर राणी आणि मोठमोठे सरदार बसले होते. ते पाहून फारियांचे पाय लटपटू लागले. तोंडातून शब्द फुटेना. वडील जवळच बसले होते. त्यांनी हळूच कोकणीत मुलाला सांगितले, की समोर बसली आहे ती सारी भाजी आहे असे समज आणि खुशाल कापत सुट. ते ऐकताच फारियांची भीती पळाली आणि त्यांनी उत्तम प्रवचन केले. राणी तीच होती, सरदार तेच होते. बदलले होते ते फारियांचे मन. वडिलांच्या दोन शब्दांनी हे कसे घडले, हा प्रश्न फारियांच्या मनात घर करून राहिला, असे सांगतात.

१७८८ साली फारिया फ्रान्सची राजधानी पॅरिस येथे गेले. त्या काळी तेथे मेस्मर नावाच्या डॉक्टरच्या उपचारांची मोठी चर्चा होती. माणसाच्या शरीरात एक अदृश्य चुंबकीय द्रव वाहतो आणि आपण हात फिरवून त्याच्या जोरावर रोग बरे करतो, असा मेस्मरचा दावा होता. १७८४ साली फ्रान्सच्या राजाने या दाव्याची तपासणी करण्यासाठी विद्वानांची समिती नेमली होती. विजेचा अभ्यास करणारे अमेरिकेचे बेंजामिन फ्रँकलिन हे त्या समितीत होते. समितीने एका बागेत प्रयोग केला. मेस्मरच्या शिष्याने एका झाडात चुंबकीय शक्ती भरली, असे सांगण्यात आले. मग एका बारा वर्षांच्या मुलाचे डोळे बांधून त्याला दुसऱ्याच साध्या झाडांजवळ नेले. तरीही तो मुलगा चौथ्या झाडाजवळ बेशुद्ध पडला. त्या झाडात काहीच भरलेले नव्हते. हा सारा कल्पनेचा खेळ आहे, असे ठरवून समितीने काम संपवले.

फारियांनी मात्र पुढचा प्रश्न विचारला. नुसत्या कल्पनेने धडधाकट मुलगा खाली पडत असेल, तर ती कल्पना काही साधी गोष्ट नाही. तिचाच अभ्यास करायला हवा.

१८१३ साली त्यांनी पॅरिसमध्ये लोकांसमोर प्रयोग सुरू केले. ते माणसाला खुर्चीवर आरामात बसवत. डोळे मिटून फक्त झोपेचा विचार करायला सांगत. मग ठाम आवाजात झोपण्याची आज्ञा देत. काहींना गाढ झोप लागे, काहींना लागत नसे. या झोपेला आज आपण संमोहन म्हणतो.

मुलांनो, येथेच फारियांचा मोठेपणा दिसतो. आपल्या हातात दैवी शक्ती आहे, असे सांगून त्यांना लोकांना सहज फसवता आले असते. परंतु आपल्यात कोणतीही विशेष शक्ती नाही, झोपणाऱ्याचे स्वतःचे मनच हे सारे घडवते, असे ते सर्वांना स्पष्ट सांगत.

हे सत्य लोकांना रुचले नाही. मेस्मरला मानणारे त्यांच्यावर रागावले. धर्मगुरूंनाही त्यांचे प्रयोग आवडले नाहीत. १८१६ साली तर रंगभूमीवर नाटकातून त्यांची थट्टा करण्यात आली. लोक त्यांना हसू लागले आणि त्यांच्याकडे येणाऱ्यांची गर्दी ओसरली. तरीही फारियांनी आपला अनुभव पुस्तकात लिहून ठेवला. २० सप्टेंबर १८१९ रोजी पक्षाघाताच्या झटक्याने पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या कबरीवर नावाचा दगडही लागला नाही.

फारियांचे सगळेच म्हणणे बरोबर होते का? नाही. काहींना लवकर झोप लागते, कारण त्यांचे रक्त पातळ असते, असे त्यांना वाटे. हा समज चुकीचा ठरला. मनाचा शरीराशी संबंध आहे हे त्यांनी ओळखले, पण त्याचे मूळ ते रक्तात शोधत होते. मेंदूच्या आत डोकावण्याचे साधनच तेव्हा नव्हते. ते साधन विसाव्या शतकात मिळाले. १९९७ साली कॅनडामधील शास्त्रज्ञांनी संमोहित माणसांचा हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात ठेवला आणि यंत्राने त्यांच्या मेंदूचे चित्र घेतले. पाणी तेवढेच गरम होते. परंतु त्रास कमी होईल किंवा वाढेल असे सुचवताच तो तसा वाटू लागला. त्याबरोबर मेंदूच्या एका ठरावीक भागाचे कामही कमी-जास्त झाले. म्हणजे मनातील बदल हा मेंदूतीलही बदल असतो.

आमच्या उलव्याजवळ पनवेल आहे. तेथून मुंबई-गोवा महामार्ग सुरू होतो. कधी त्या रस्त्याने पणजीला गेलात, तर मांडवी नदीच्या काठी आदिलशहाचा जुना वाडा पाहा. त्याच्या शेजारीच १९४५ साली उभारलेला आबे फारियांचा पुतळा आहे. शिल्पकार रामचंद्र पांडुरंग कामत यांनी तो घडवला.

आणि वर्गात मराठीतून बोलायला उभे राहिल्यावर तुमचे पाय लटपटले, तर त्या प्रवचनाची गोष्ट आठवा. समोर तीच मुले असतील. पण आपण मनाला काय सांगतो, त्यावर पुष्कळ अवलंबून असते.

शब्दार्थ
आख्यायिका – लोकांच्या तोंडून चालत आलेली गोष्ट
जोगीण – मठात राहून धर्मासाठी जीवन वाहिलेली स्त्री
धडधाकट – निरोगी व सशक्त
रुचणे – आवडणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) आबे फारियांचा जन्म कोठे झाला?
(आ) मेस्मरचा दावा काय होता?
२. तीन-चार वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) बागेतील प्रयोगावरून काय दिसून आले?
(आ) फारियांचा मोठेपणा कशात आहे?
३. वाक्यात उपयोग करा : तोंडाला पाणी सुटणे, पाय लटपटणे, थट्टा करणे.